'चिंतप' म्हणजे चिंता नव्हे: एका क्रियापदाची दोन घरं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मूल उठून म्हणतं, "सर, म्हाका चिंतपाक वेळ जाय." तेच मूल वहीत मराठी करताना लिहितं, "मला चिंता करायला वेळ हवा." वर्ग हसतो, सर लाल शाईचं पेन काढतात. चूक नेमकी कुठे झाली? चिंतणे म्हणजे मुळात विचार की काळजी? आणि 'सावकाश, खोलवर विचार करणे' यासाठी मराठीत क्रियापद तरी कोणतं घ्यावं?

आधी गाभा सांगतो. मुलाची कोंकणी चोख आहे (चिंतप म्हणजे विचार करणे), आणि धातूच्या जुन्या अर्थाला ती आजच्या मराठीपेक्षा जास्त धरून आहे. मराठीत 'चिंता' हे नाम इतकं फोफावलं की 'चिंतणे' हे क्रियापद त्याच्या सावलीत खुरटलं. कोंकणीत तसं झालं नाही. मुलाने भाषांतर करताना कोंकणी क्रियापदाच्या जागी त्याचं मराठी नातेवाईक नाम बसवलं, एवढाच घोटाळा. बाकी सगळं उत्तर हे असं का झालं याचं आहे.

मुळापासून बघू. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थांसकट दिलेल्या यादीत, चुरादिगणात (धातूंच्या दहा गटांपैकी एकात) 'चिति स्मृत्याम्' असा धातू दिलेला आहे. इथला शेवटचा इकार हा उच्चाराचा भाग नाही, ती खूण आहे. असा इकार ज्या धातूला लावलेला असतो त्याच्या पोटात न् शिरतो. 'इदितो नुम् धातोः' हे त्याचं सूत्र. वदि लिहिलेल्याचं वन्द् होतं, तसं चिति लिहिलेल्याचं चिन्त्. चुरादि असल्यामुळे पुढे अय येतो आणि रूप होतं चिन्तयति. आता अर्थाकडे लक्ष द्या. धातुपाठ 'विचारे' म्हणत नाही, 'काळजी' तर नाहीच नाही. तो म्हणतो 'स्मृत्याम्', म्हणजे आठवणीत धरणे.

याच धातूचा भाऊ म्हणजे नुसता चित्, 'चिती संज्ञाने', रूप चेतति. त्याचा अर्थ जाणीव होणे, लक्षात येणे. चित्त, चेतना, चैतन्य ही सगळी प्रजा त्याची. मराठीत दिवा चेतवतात, निखारा चेततो, ते 'चेतणे'ही त्याच कुळातलं. जागं होणं हा त्यातला धागा. दोघांतला फरक मराठीत दोन शब्दांत सांगता येतो: चित् म्हणजे लक्षात येणं, चिन्त् म्हणजे लक्षात धरून ठेवणं. पहिलं क्षणात होतं, दुसऱ्याला वेळ लागतो. मूल वेळ मागत होतं, हे इथे ध्यानात घ्या.

धातुपाठात एक गंमत आहे. चिन्त् चा अर्थ विचारला तर तो सांगतो स्मृती. मग स्मृ चा अर्थ बघायला जावं, तर तिथे लिहिलेलं असतं 'स्मृ चिन्तायाम्'. म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं आणि दुसऱ्याने पहिल्याकडे. ध्यै धातूलाही 'ध्यै चिन्तायाम्' असंच उत्तर. कोशकार म्हणून हा आळस वाटेल, पण त्यातून एक गोष्ट पक्की कळते: जुन्या लोकांच्या लेखी आठवणं, चिंतणं आणि ध्याणं ही एकाच कामाची नावं होती. एखादी गोष्ट मनासमोर आणायची आणि ती निसटू द्यायची नाही. भजनी सप्ताहात नामस्मरण आणि नामचिंतन हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात अखंड भजन चालतं तेव्हा कोणी देवाची 'चिंता' करत नसतो. नाव मनातून सुटू देत नसतो.

मराठीत हा अर्थ जिवंत होता याला लांबचा पुरावा नको. मनाच्या श्लोकांतला तिसरा श्लोक घ्या, 'प्रभाते मनी राम चिंतीत जावा'. शाळेत पाठ केलेला असतो, पण क्रियापदाकडे कुणाचं लक्ष जात नाही. इथे चिंतणे म्हणजे रामाची काळजी करणे नव्हे, रामाला शुभेच्छा देणेही नव्हे. सकाळी उठल्यावर मनात राम धरून ठेवायचा, मग पुढची ओळ सांगते तसं वैखरीने म्हणजे तोंडाने उच्चारायचा. आधी मनात धरणं, मग बोलणं. धातुपाठातली स्मृती सतराव्या शतकातल्या मराठीत जशीच्या तशी उतरली आहे.

आता म्हण बघा: 'मन चिंती ते वैरी न चिंती.' आपलं मन आपल्याबद्दल जे भलतंसलतं कल्पून बसतं, ते आपल्या शत्रूच्याही डोक्यात येणार नाही. या एका वाक्यात क्रियापद अजून 'मनात आणणे' याच अर्थाचं आहे, पण मनात काय आणलंय ते वाईट आहे. विचाराकडून काळजीकडे जाणारा रस्ता इथून फुटतो. रूपाकडेही बघा. 'चिंती' यातला इकार म्हणजे चिन्तयति मधल्या अय चा उरलेला अवशेष. प्राकृतात चिंतेइ झालं, मराठीत चिंती. म्हणूनच 'इच्छितो'सारखं 'चिंतितो' हे रूप पत्रांत अजून टिकून आहे: 'आपले शुभ चिंतितो.' 'चिंततो' लिहिलं तर अडत नाही, पण पहिलं रूप का आहे हे कळलं की ते चुकीचं म्हणून कुणी खोडणार नाही.

नाम कधी घसरलं? बरंच आधी, संस्कृतातच. भगवद्गीतेत नवव्या अध्यायात 'अनन्याश्चिन्तयन्तो मां' असं येतं; तिथे चिंतणं ही भक्ती आहे. सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचं वर्णन करताना 'चिन्तामपरिमेयां च प्रलयान्ताम्' येतं. तिथे चिंता म्हणजे मरेपर्यंत न संपणारी विवंचना. एकाच ग्रंथात क्रियापद देवाकडे तोंड करून उभं आहे आणि नाम काळजीकडे. म्हणजे 'मूळ शब्द शुद्ध होता, लोकांनी तो बिघडवला' असं सरळ सांगता येत नाही. मनात धरलेली गोष्ट पूर्ण झालेली असेल तर तिचं स्मरण होतं. अपुरी, अनिश्चित असेल तर तीच गोष्ट परत परत वर येते आणि तिची काळजी होते. धरण्याची क्रिया तीच, धरलेला माल वेगळा.

व्याकरणातला एक बारकावा इथे सांगण्याजोगा आहे. चुरादि धातूंपासून स्त्रीलिंगी नाम करायचं तर साधारणपणे अना लागतो: गण् पासून गणना, घुष् पासून घोषणा, वि आणि चर् पासून विचारणा. त्या हिशेबाने 'चिन्तना' व्हायला हवं होतं. पण पाणिनीने 'चिन्तिपूजिकथिकुम्बिचर्चश्च' असं खास सूत्र करून पाच धातूंना नुसता आ दिला. त्यातून चिंता, पूजा, कथा, चर्चा ही नामं आली. म्हणजे 'चिंता' हा शब्द घडणीने पूजा आणि कथा यांच्या पंक्तीतला आहे. जन्मतः तो अशुभ नाही. 'चिंतन' हे वेगळ्या प्रत्ययाचं, क्रिया दाखवणारं नपुंसकलिंगी नाम. मराठीने दोघांत वाटणी करून दिली: काळजी चिंतेकडे, गंभीर विचार चिंतनाकडे. क्रियापदाच्या वाट्याला मग उरलं काय? भलं किंवा वाईट इच्छिणं. 'कुणाचं वाईट चिंतू नये', 'हितचिंतक', आणि वाढदिवसाला वर्तमानपत्रात पानभर छापून येणारं 'अभीष्टचिंतन'. यात 'शुभचिंतक' हा शब्द हिंदीच्या वाटेने आलेला वाटतो. मराठीत हितचिंतक असताना त्याची गरज नाही, पण जाहिराती कुणाचं ऐकत नाहीत.

चिंता शब्दासारखीच घसरण दुसऱ्या एका शब्दाची झाली आहे, ती पडताळ्यासाठी उपयोगी आहे. विवंचना. हे विवेचनेचंच मराठी वळण. विच् म्हणजे वेगळं करणं, विवेक त्याचाच. सुपात भात पाखडताना फोल बाजूला आणि दाणा बाजूला, ते काम. आज विवंचना म्हटलं की पैशाची ओढाताण, हप्ता कसा भरायचा हा घोर. निवडण्याचं काम कुठे गेलं आणि घोर तेवढा राहिला. दोन वेगवेगळ्या धातूंचे शब्द एकाच उतारावरून घरंगळले असतील, तर तो उतार अर्थाचा आहे, एका शब्दाचा अपघात नव्हे. व्युत्पत्ती करताना असा दुसरा साक्षीदार मिळाला की बरं असतं.

आणि जो साक्षीदार हमखास खोटा निघतो तो म्हणजे चिता. 'चिता आणि चिंता यांत एका बिंदूचा फरक. चिता मेलेल्याला जाळते, चिंता जिवंताला' हे सुभाषित कीर्तनात, व्हॉट्सॲपवर, शाळेच्या फळ्यावर सगळीकडे असतं. सुभाषित म्हणून छान आहे. व्युत्पत्ती म्हणून त्यात काही नाही. चिता हा शब्द चि धातूचा, अर्थ रचणं, गोळा करणं. संचय, निचय हे त्याचे सोबती. चिता म्हणजे रचलेली लाकडं. त्या शब्दात जळण्याचाही अर्थ मुळात नाही, मग चिंतेशी नातं कुठलं? बिंदूचा फरक लिपीतला आहे; कानाला आणि व्याकरणाला तो न् आहे, आणि तो कुठून आला ते वर पाहिलंच.

आता कोंकणी. गोव्यात मराठी लिहिणाऱ्याला हा भाग सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, कारण चुका इथेच होतात.

कोंकणीत चिंतप हे रोजचं क्रियापद आहे. 'हांव चिंतां' म्हणजे मी विचार करतो आहे. 'चिंतून पळय' म्हणजे विचार करून बघ. त्यात काळजीचा वास नाही. असं का राहू शकलं? कारण काळजीसाठी कोंकणीत हुसको हा शब्द ठणठणीत आहे. 'हुसको करूं नाका' म्हटलं की काम झालं. त्या ओझ्याखाली चिंतप ला वाकावं लागलं नाही. मराठीत काळजी हा शब्द होता, घोर होता, तरी चिंता त्यांच्याबरोबर त्याच गाडीत चढली आणि विचाराची जागा 'विचार करणे' या जोडक्रियापदाने घेतली. शब्द एकटा बदलत नाही, शेजाऱ्यांना ढकलत बदलतो.

पण चिंतप दिसलं की डोळे मिटून 'विचार करणे' लिहायचं, असंही नाही. 'हांवें चिंतलें तूं येवचो ना' याचं मराठी 'मी विचार केला की तू येणार नाहीस' असं केलं तर वाक्य भलतंच होतं. जणू बसून खल केला. बरोबर मराठी आहे 'मला वाटलं, तू येणार नाहीस'. मराठीत नुसतं मत किंवा अंदाज सांगायचा असेल तर कर्ता 'मी' राहत नाही, 'मला' होतो. वाटणं आपल्या हातात नसतं, ते आपल्याला होतं. कोंकणीतही यासाठी वेगळी रचना आहेच, 'म्हाका दिसता'. आणि इथे दुसरा खड्डा. 'म्हाका अशें दिसता' याचं मराठी 'मला असं दिसतं' नव्हे, 'मला असं वाटतं'. मराठीत दिसणं डोळ्यांचं आहे; 'यावरून दिसतं की' अशा ठिकाणी ते अनुमानाकडे जातं, पण मतापर्यंत पोचत नाही.

विचारप ची भानगड वेगळी. 'ताका विचार' म्हणजे त्याला विचार, प्रश्न कर. इथे मराठी आणि कोंकणी एकाच बाजूला आहेत आणि हिंदी दुसऱ्या. मराठीत नाम 'विचार' म्हणजे चिंतन आणि क्रियापद 'विचारणे' म्हणजे पृच्छा. जुन्या मराठीत विचारणे हे मनाशी शोध घेण्यालाही चालत असे. स्वतःलाच प्रश्न केला की तो विचार, दुसऱ्याला केला की ती विचारपूस. हिंदीतून भाषांतर करणारे 'त्याने खूप विचारले' असं लिहून जातात आणि वाचणारा थांबतो, कुणाला?

येवजप बद्दल थोडक्यात: ते योजणे आहे, बेत करणे. सरकारी योजनेला कोंकणीत येवजण म्हणतात, त्यावरून लक्षात ठेवायला सोपं.

सगळ्यात सुंदर जोडी मात्र नियाळप आणि न्याहाळणे यांची. कोंकणीत नियाळप म्हणजे मनात घेऊन चिंतन करणे. चर्चमध्ये प्रवचनानंतरच्या किंवा वाचनानंतरच्या चिंतनाला नियाळ म्हणतात, पुस्तिकांवर तो शब्द ठळक छापलेला असतो. मराठीत न्याहाळणे म्हणजे डोळे लावून बारकाईने बघणे. आरशात चेहरा न्याहाळतात, आई बाळाला न्याहाळते. शब्द एकच. संस्कृत निभालयति, अर्थ पाहणे; प्राकृतात भ चा ह होऊन णिहाल; मराठीत दोन स्वरांमधल्या ल चा ळ होऊन न्याहाळणे. भ चा ह होणं नेहमीचं, गभीर वरून गहिरा आला तसं. ल चा ळ तर पदोपदी: काल वरून काळ, फल वरून फळ, माला वरून माळ. कोंकणीत पुढे हकारही गळला आणि नियाळ उरलं. हिंदीत निहारना, गुजरातीत निहाळवुं, दोन्ही डोळ्यांचेच. म्हणजे शब्द मुळात पाहण्याचा, आणि कोंकणीने तो आत वळवला. बाहेरची वस्तू जितक्या निवांतपणे न्याहाळावी तितक्या निवांतपणे मनातली गोष्ट बघायची. खोल विचाराला याहून नेमकं क्रियापद आपल्या दोन भाषांत मला तरी दिसत नाही, आणि मराठीला ते त्या अर्थाने वापरता येत नाही ही हळहळ आहे. 'त्याने प्रश्न न्याहाळला' हे कवितेत चालेल, निबंधात नाही.

मग मराठीत खोल विचारासाठी काय? एक शब्द सगळीकडे पुरत नाही. विचार कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवावं लागतं.

ऐकलेलं किंवा वाचलेलं तपासून पाहायचं असेल तर मनन. मन् धातू, दिवादिगणात 'मन ज्ञाने', तनादिगणात 'मनु अवबोधने'. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो, आत्मा 'श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः'. त्यावरून वेदान्तात तीन पायऱ्या पक्क्या झाल्या: श्रवण, मनन, निदिध्यासन. श्रवणात दुसऱ्याचं ऐकायचं. मननात त्यावर शंका घ्यायच्या, युक्तीने त्या फेडायच्या. निदिध्यासनात शंका संपलेल्या असतात आणि एकच गोष्ट मनात सतत ठेवायची असते. याचा क्रम उलटा केला की बिघडतं. शंका न फेडता तिसऱ्या पायरीवर बसलं तर जे मुरतं ते अर्धकच्चं मुरतं. संतकवी सोहिरोबानाथ आंबियेंचं 'अनुभवावीण मान हालवू नको रे' हे याच घाईवर बोट ठेवतं. त्यामुळे 'चिंतन-मनन' असा जोडशब्द ठोकून देण्यापेक्षा, तपासणं चालू असेल तर मनन आणि धरून बसणं असेल तर चिंतन, एवढा फरक पाळला तरी लेखन सुधारतं.

निदिध्यास हा शब्द उलगडून बघण्यासारखा आहे. ध्यै चं इच्छादर्शक रूप दिध्यासति, ध्यान करू इच्छितो. पा वरून पिपासा, ज्ञा वरून जिज्ञासा, तसंच. याच घडणीची शुश्रूषा मुळात 'ऐकण्याची इच्छा' होती. सेवा करणाऱ्याने आधी ऐकून घ्यावं लागतं, तिथून ती रुग्णाच्या उशाशी पोचली. मराठीत निदिध्यास लागतो, घेतला जातो; तो बुद्धीपेक्षा ओढीचा शब्द आहे. 'अर्थसंकल्पाचा निदिध्यास' लिहू नये.

रवंथ हा शब्द सध्या बदनाम आहे. संस्कृत रोमन्थ, मधल्या म चा व झाला, ग्राम चं गाव आणि नाम चं नाव झालं तसा. इंग्रजीतलं 'रूमिनेट' हेही गाईच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्याच्या लॅटिन नावावरून आलेलं, म्हणजे दोन वेगळ्या भाषांना गोठ्यात एकच गोष्ट सुचली. गाय चरताना घाईने गिळते. मग सावलीत बसून तोच घास तोंडात परत आणते, एकेक गोळा साधारण 40 ते 60 वेळा चावते आणि पुन्हा गिळते. दिवसाचे 6 ते 8 तास तिचे यातच जातात. हे सगळं का? कारण पहिल्या खेपेला गवत पचण्याजोगं बारीक झालेलं नसतं. दर फेरीत घास बदलतो. विचाराला रवंथ म्हणायचं तर तो बदलायला हवा. तोच घास तसाच चघळत राहिला तर मराठीत त्याला वेगळा, नेमका शब्द आहे: चर्वितचर्वण. मानसशास्त्रात 'रूमिनेशन' म्हणून ज्याला आजारी विचार म्हणतात, ती त्याच दुःखावर पुन्हा पुन्हा फिरण्याची सवय, त्याला सरसकट 'रवंथ' म्हणणं हा गाईवर अन्याय आहे. तिथे 'विचारांचं चक्र' किंवा सरळ 'तेच तेच मनात घोळणे' म्हणावं.

घोळणे मध्ये कर्ता कोण ते पाहा. 'विचार माझ्या मनात घोळतोय': कर्ता विचार, मी नुसती जागा. म्हणजे अजून मी तो हातात घेतलेला नाही. 'मी तो विचार मनात घोळवतोय' म्हटलं की मी काम करू लागलो. ठरवून केलेल्या विचाराला घोळणे वापरलं की वाक्य ढिलं पडतं.

मंथन हा सध्या सभांचा लाडका शब्द. मन्थ् म्हणजे ढवळणं, 'मन्थ विलोडने'. ताक घुसळताना रवीला दोरी असते आणि दोरीला दोन टोकं. एक ओढलं की दुसरं सोडायचं. एकाच टोकाने लोणी येत नाही. म्हणून मंथन हे दोघातिघांचं, उलटसुलट बाजू मांडणारं काम आहे. एका वक्त्याने तासभर बोलून 'मंथन' झालं असं लिहितात ते व्याख्यान असतं. या शब्दाचं खरं फळ म्हणजे मथितार्थ, घुसळून वर आलेला अर्थ. तो शब्द आपण रोज वापरतो आणि त्यातलं ताक विसरतो.

पोर्तुगीज शिकलेल्या गोवेकरांकडून हमखास येणारा प्रश्न 'पेंसार'चा. त्या भाषेत विचार करणे म्हणजे पेंसार आणि वजन करणे म्हणजे पेझार. दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदाची लेकरं, अर्थ तोलणं. इंग्रजी 'पाँडर'ही लॅटिनमधल्या वजनाच्या शब्दावरून. युरोपात विचार तराजूत बसला, आपल्याकडे तो मनात धरला, चरला, घुसळला, पाखडला. मराठीत तोलणं आहे, पण ते बोलण्याला लागतं (तोलूनमापून बोलणे) किंवा दोन पर्यायांना. म्हणून 'पाँडर'चं भाषांतर करताना समोर निवड असेल तर 'तोलून पाहणे', नसेल तर 'मनाशी विचार करत राहणे'. इथे साधं वाक्य बहुतेक वेळा जड तत्समापेक्षा बरं ठरतं.

कुणाला असे शब्द स्वतः तपासायचे असतील तर कामाचा क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा आजचे सगळे उपयोग वाक्यांसकट लिहून काढायचे, नुसते अर्थ नाहीत. 'चिंतणे'चा अर्थ 'इच्छिणे' असं लिहिलं की म्हण त्यात बसत नाही, आणि तिथेच शंका येते. मग मोल्सवर्थचा 1857 चा कोश उघडायचा, आणि कोंकणीसाठी दालगादो यांचा 1893 चा. दीडशे वर्षांपूर्वी अर्थ कुठे होता ते कळतं. त्यानंतर ध्वनिबदल बसतो का ते पाहायचं, आणि तोच बदल आणखी तीन शब्दांत दाखवता आला पाहिजे. एका शब्दापुरता केलेला नियम हा नियम नसतो. शेवटी शेजारच्या भाषा. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात: आधी सारखा दिसणारा संस्कृत शब्द पकडतात आणि मग अर्थाची गोष्ट रचतात. चिता-चिंता तशीच जन्मली.

विभक्तीबद्दल एक सवय मोडावी असं वाटतं. 'या विषयावर चिंतन' ही रचना आता रूढ झाली आहे, चूक म्हणून खोडता येणार नाही. पण चिंतन आणि मनन यांना जुनी, घट्ट जोड षष्ठीची आहे: नामाचं चिंतन, ग्रंथाचं मनन. 'वर' म्हटलं की माणूस विषयाच्या बाहेर उभा राहून बोलतो. 'चं' म्हटलं की विषय मनात असतो. 'चर्चा' मात्र 'वर'च हवी.

गोव्यात भाषांतर करणाऱ्यांसाठी दोन जागा राहिल्या. 'सकाळचो नियाळ' या मथळ्याचं 'सकाळचे निरीक्षण' करू नये, 'सकाळचे चिंतन' करावं; उलट मराठीतलं 'तिने मुलाला न्याहाळलं' कोंकणीत नेताना नियाळप टाकू नये, तिथे निरखून पळोवप हवं. आणि 'निश्चिंत' हा शब्द मराठीत काळजीमुक्त आहे, विचारमुक्त नव्हे. 'न चिंतता' केलेल्या कामाला तो लावला तर बेफिकीर माणूस एकदम सुखी दिसू लागतो.

मुलाच्या वहीचं काय करायचं? 'मला चिंता करायला वेळ हवा' हे खोडून 'मला विचार करायला वेळ हवा' असं लिहून द्यावं, आणि शेजारी ते दोन कोंकणी शब्द, चिंतप आणि हुसको, समोरासमोर मांडून दाखवावेत. मूल एका मिनिटात समजेल, कारण घरी ते दोन्ही बरोबर वापरतंच. पण एखाद्याने 'सर, मला जरा चिंतू द्या' असं लिहिलं, तर ते मराठी आज जुनं वाटेल, चुकीचं नाही. तिथे लाल पेनापेक्षा पेन्सिल बरी.